तापल्या पाण्यातले जिताडे

बिट्रिसचा नवरा वारल्यावर बाळकुमच्या तळ्यातले जिताडे ती आणि नवऱ्याचा भागीदार धाकू मिळून सांभाळत. थंडीत माशांच्या अंगावर फोड आले, तेव्हा धाकूने ठाण्याहून जांभळ्या खड्यांचं औषध आणलं. पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात तेच. टपात तळ्याचं पाणी घ्यायचं, चिमूटभर औषध घालायचं, गुलाबी पाण्यात मासे थोडा वेळ ठेवायचे आणि परत सोडायचे. फोड गेले.

वैशाखात ते पुन्हा आले. धाकूने भर दुपारी टप भरला, तेवढीच चिमूट घातली. मासे टपातच उलटे झाले. टपातला एकही जगला नाही.

“औषध तेच?” बिट्रिसने विचारलं.

“त्याच बाटलीतलं.”

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिचा वाटा धाकूने मागे एकदा विकत मागितलेला. मासे असेच मरत राहिले तर बाई कंटाळून तळं सोडेल, हे त्याला कळत होतंच.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली मागून घेतली. “आजपासून औषध मी घालीन.”

धाकूने तिच्याकडे रोखून पाहिलं. “घाल,” म्हणाला, आणि लांब बांधावर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलेलं. तिने स्वतःच्या हाताने चिमूट टाकली, मासे सोडले. त्यांचे कल्ले भराभर हलू लागले, मग ते आडवे झाले. धाकू तर जवळही आला नव्हता. ती घाईने मासे उचलायला गेली तेव्हा हाताला पाणी ऊन लागलं. अंघोळीला काढावं तसं कोमट झालेलं. थंडीत याच पाण्यात बोटं बधिर व्हायची.

तिने टप सावलीत ओढला, विहिरीचं गार पाणी भरलं, तेवढंच औषध घातलं. या खेपेचे मासे धडधाकट निघाले.

ती तशीच बांधावर गेली. “धाकू, पाणी तापलं की तेवढंच औषध माशांना जहाल होतं. मला तुझा संशय आलेला.”

“मलापण तुझाच आलेला, बाय,” धाकू म्हणाला. “बाटली घेतलीस तेव्हा वाटलं, काहीतरी मिसळशील नि माझ्या माथी मारशील.”

पुढे ते पहाटेच्या गारव्यात औषध देऊ लागले. जिताडे बरे झाले. पण एक जण चिमूट सोडत असला की दुसरा टपाशेजारून हलत नसे.