समोरून तपकिरी, मागून हिरव्या

पहिलीच्या बाईंच्या केसांत गेली बारा वर्षं सोनेरी बटा होत्या. त्यांच्या मोठ्या नणंदेचं पार्लर होतं, आणि दर तीन महिन्यांनी ती स्वतःच्या हाताने त्या बटा रंगवून द्यायची. अलीकडे त्यांच्यात अधूनमधून पांढरे केस दिसायला लागले होते.

"पांढरं झाकायला जाऊ नकोस," नणंदेने सांगून ठेवलं होतं. "मी मधे बारीक गडद बटा सोडते. सोनेरी, गडद, पांढरं सगळं एकमेकांत मिसळतं, कोण कुठलं ते कळत नाही. पण तू आपला हात लावू नकोस."

बाईंना ते पटलंही होतं. पण शनिवारी शिक्षकांच्या खोलीत नवे मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षी पहिलीला कोणीतरी तरुण द्यावं म्हणतो. लहान मुलांना चुणचुणीत माणूस लागतं. सोमवारी वर्गात येऊन बसतो, मग ठरवू." मुख्याध्यापक पस्तिशीचे होते. बोलताना त्यांची नजर आपल्या भांगावर रेंगाळली, असं बाईंना वाटलं.

बाई एकवीस वर्षं पहिलीलाच शिकवत होत्या. पहिली गेली तर वाट्याला पाचवी येणार होती. पाचवीच्या मुलांना सगळं आधीच येत असतं. पहिलीची मुलं निदान पेन्सिल कुठल्या बाजूने धरायची एवढं तरी विचारतात.

रविवारी सकाळी नणंदेला न विचारता त्यांनी दुकानातून केसांच्या तपकिरी रंगाचं पाकीट आणलं, रंग डोकंभर लावला आणि अर्ध्या तासाने धुतला. आरशात पाहिलं तर मुळाशी पांढरे केस होते तसेच होते, आणि सोनेरी बटा हिरव्या झाल्या होत्या. पाण्याच्या जुन्या टाकीला आतून येतो, तो हिरवा.

"कसं दिसतंय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"छान," नवरा पेपरामागून म्हणाला. मग त्याने पेपर खाली केला, नीट घडी घातली आणि म्हणाला, "मी ताईला फोन लावतो."

नणंदेने सुट्टीच्या दिवशी पार्लर उघडलं. बाईंना खुर्चीत बसवून तिने एकेक बट उचलून पाहिली. मग चष्मा लावून पुन्हा पाहिली.

"वन्सं, बोला की काहीतरी."

"काय बोलू? सोनेरी बट म्हणजे रंग काढून घेतलेला केस. तो आतून पोकळ झालेला असतो. स्पंजासारखा, मिळेल तेवढं पितो. पांढरा केस काचेच्या बशीसारखा, वरचं खाली ओघळून जातं. त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. तू दोघांना एकच रंग लावलास आणि एकच वेळ दिलास."

"आणि हिरवा कुठून आला?"

"त्या तपकिरीत निळसर झाक आहे आणि तुझ्या बटा पिवळ्या. निळा आणि पिवळा मिळून काय होतं?"

"हिरवा," बाई म्हणाल्या. हे त्या दरवर्षी जूनमध्येच शिकवत असत.

नणंदेने हिरव्यावर तांबूस छटा बसवून ते तपकिरी केलं, मधे बारीक गडद बटा सोडल्या, पांढऱ्याला तसंच राहू दिलं. तीन तासांत कपाळापासून कानापर्यंत झालं. मग तिने हातमोजे काढले.

"मागचं?"

"मागचे केस पार सुकलेत. आज आणखी काही लावलं तर हातात येतील. पुढच्या रविवारी. तोवर कोणाला पाठ दाखवू नकोस."

"वन्सं, मी फळ्यावर लिहिते."

"मग उलटी चाल."

सोमवारी बाई वर्गात शिरल्या आणि मुलांकडे तोंड ठेवून उलट्या चालत फळ्यापर्यंत गेल्या. शेवटच्या ओळीत मुख्याध्यापक एका बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. बाईंनी हात खांद्यावरून मागे नेऊन, न वळता फळ्यावर 'क' काढला.

"बाई, 'क' आडवा पडलाय," पहिल्या बाकावरची, पुढचे दात पडलेली मुलगी म्हणाली.

"त्याला झोप आलीये."

मुलांना ते चाललं. 'ख' मात्र फळ्याबाहेर भिंतीवर गेला. खडू हातातून सुटला, तो उचलायला बाई वाकल्या आणि सवयीने वळल्या.

पहिल्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली.

"बाई, तुमचं डोकं मागून हिरवं आहे."

बाई पुन्हा मुलांकडे वळल्या. मुलांशी खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम त्या एकवीस वर्षं पाळत आल्या होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. कशी झाली ते बघायचंय?"

सगळी मुलं टेबलाभोवती गोळा झाली. बाईंनी खडू आणि काचेची गोळी मांडली, दोन्हींवर निळ्या शाईचा एकेक थेंब टाकला. खडूने थेंब पिऊन टाकला, गोळीवरून तो घरंगळला. मग निळ्यात पिवळा कालवला, तेव्हा मुलांच्या नाकांनाही हिरवा लागला.

"पण मग गोळीवर रंग बसवायचा असेल तर जास्त वेळ—" मागून आवाज आला.

"मधे बोलायचं नाही. हात वर कर आणि गप्प बस," बाई मान वर न करता म्हणाल्या, आणि गोळी पुसून पुन्हा थेंब टाकू लागल्या.

तास संपला, मुलं हात धुवायला पळाली. मुख्याध्यापक अजून बाकावरच होते. त्यांचा उजवा हात वर होता. बाईंनी पाहिल्यावर त्यांनी तो सावकाश खाली घेतला.

"पहिली तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

"मी तुम्हाला गप्प बस म्हणाले का?"

"म्हणालात," मुख्याध्यापक बाकातून गुडघे सोडवत म्हणाले. "आणि मी बसलो."