नोंदीखालचे नाव

१४ नोव्हेंबर, सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटे, तक्रारी त्रेसष्ट. सगळ्या एकाच रुग्णालयाच्या: तपासण्यांचे अहवाल उघडत नव्हते.

"अगं, जुना राउटर जोडण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं नाही? डोळे काय घरी ठेवून आलीस?" मास्तर कडाडले. इंटरनेट पुरवणाऱ्या त्या कंपनीत एकतीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांना सारे मास्तरच म्हणत. समोर उभ्या धाकट्या इंजिनीअरने अडगळीतला राउटर चाचणीसाठी जोडला होता. त्याच्या पोटात जुन्या गिऱ्हाइकांच्या वाटा तशाच होत्या; त्याने जागे होताच, हे रुग्णालय आमच्याकडे आहे, अशी शेजारच्या कंपन्यांत दवंडी पिटली. रुग्णालयाची सारी इंटरनेट-वाहतूक इकडे वळली आणि इथेच जिरली.

"पण सर, रुग्णालयवाले आपल्याला केव्हाच सोडून गेलेत ना? मग शेजाऱ्यांच्या चाळणीनं ही खोटी वाट गाळायला हवी होती."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

तिने मान खाली घातली. राउटर बंद झाला, अहवाल उघडू लागले. साहेबांनी तिच्या नावे ठपक्याचे पत्र लिहायला घेतले.

मास्तरांनी शेजारच्या कंपनीतल्या जुन्या दोस्ताला फोन लावला. "काय रे, तुमची चाळणी डुलक्या काढत होती का?"

"डुलक्या कसल्या? ती रोज पहाटे सार्वजनिक नोंदवहीवरून तयार होते. कोणते पत्ते कोणाकडून येणार, हे ज्यानं त्यानं तिथं लिहायचं. रुग्णालयाचे पत्ते आजही तुमच्याकडेच लिहिलेत, बाबा. खाली नाव कोणाचं, वाचू?"

"नको," मास्तर म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी रुग्णालयवाल्यांना नोंद जमेना, तेव्हा "द्या इकडे" म्हणून मास्तरांनीच ती टाकली होती. गिऱ्हाईक गेले की त्याच दिवशी नोंद खोडायची, हे प्रत्येक नवख्याला ते पहिल्या दिवशी शिकवीत. धाकटीलाही शिकवले होते.

नोंद पडद्यावर होती. आता खोडली असती, तर इथे कोणी विचारलेही नसते. त्यांनी आधी तिची छापील प्रत काढली आणि साहेबांपुढे ठेवली.

"त्या पत्रावर माझं नाव घाला."

"मास्तर, चार महिन्यांत निवृत्त होताय. कशाला ओढवून घेता? पोरगी तरुण आहे, पचवेल."

"तिनं नेमकं हेच विचारलं होतं, साहेब. मी सगळ्यांसमोर तिला गप्प केलं."

मग त्याच दालनात, सगळ्यांसमोर, त्यांनी चूक सांगितली. कोणीही मान वर केली नाही, आणि तेच अधिक झोंबले.

"माझ्या बाकीच्या नोंदी तपासशील?" त्यांनी धाकटीला विचारले. "माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर आता सोडू नये."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "वाचा, सर."

ते एकेक वाचत गेले. ती पडताळून "खोडा" म्हणे, ते खोडत. मध्ये एकदा तिने न विचारता पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्यांना तिच्याकडे पाहवले नाही.

साडेपाचला यादी संपली. मास्तरांच्या नावावरच्या नोंदी दोनशे चौदा. आजही खऱ्या निघालेल्या, नऊ.