चार वाजताची होडी

“मावशी, साखळी काढा. सगळे होडीत बसलेत.”

इल्का जागची हलली नाही. बंदराच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये लावलेल्या साखळीच्या कुलपावर तिचा हात होता आणि नजर तळ्यापलीकडच्या डोंगरावर. तिथे एक करडा ढग अर्ध्या तासापासून बसून होता.

समोर आर्पाद उभा होता, काळ्या कोटात घामाघूम. त्याच्या मागे उघड्या लाकडी होडीत आठ माणसं. दोन म्हाताऱ्या आत्या, एक चुलतबहीण, तिचं तीन वर्षांचं पोर, बाकीचे नातेवाईक; आणि मधल्या फळीवर त्याची आई विल्मा. तिच्या मांडीवर निळा कलश होता. त्यात तिच्या नवऱ्याची, देझोची राख होती. देझोने चाळीस वर्षं याच बंदरावर होड्या दुरुस्त केल्या होत्या. धक्क्याच्या निम्म्या फळ्या त्यानेच ठोकलेल्या. काठालगतच्या वेताच्या बनापलीकडे, खोल पाण्यात मला सोडा, एवढंच तो सांगून गेला होता. नगरपालिकेची परवानगी आजची होती, चार वाजताची.

“दिवा लागलाय,” इल्का म्हणाली.

बागेतल्या उंच खांबावरचा, वादळाचा इशारा देणारा नारिंगी दिवा उघडझाप करत होता.

“हळू लुकलुकतोय, मावशी. हळू म्हणजे जपून जा. जाऊच नका असं नाही.”

“जपून म्हणजे काठाकाठाने. तुम्हाला जायचंय वेताच्या पलीकडे. उघडी होडी, त्यात म्हाताऱ्या, त्यात पोर. उत्तरेचा वारा सुटला की परत फिरायला दहा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.”

“कुठला वारा? पान तरी हलतंय का?”

पान हलत नव्हतं, हे खरंच होतं. बागेतल्या चिनारांखाली बुद्धिबळ खेळणारे म्हातारे डाव सोडून इकडेच बघत होते. त्यांच्यातला काल्मान तर गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच.

“अगं इल्का, देझो बिचारा आधीच गेलाय! आता त्याचं आणखी काय वाईट होणार?”

कोणीतरी फसकन हसलं, आणि विल्माकडे लक्ष जाताच खोकल्याचं निमित्त करून गप्प झालं.

इल्काला हे बंदर सांभाळायला लागून बावीस वर्षं झाली होती. तिची लाकडी खोली, भिंतीवरचा हवेचा दाब सांगणारा काटा, गळ्यात दुर्बीण. जुलैत तिने मुलांची शिडाच्या होड्यांची शर्यत थांबवली होती आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं होतं. “हे बंदर आहे की तुरुंग?” असं महापौर सगळ्यांसमोर म्हणाले होते. बावीस वर्षांत तिच्या बंदरातून गेलेलं माणूस परत आलं नाही असं एकदाही झालं नव्हतं, पण त्याचं श्रेय तिला कोण देणार? तळंच गरीब आहे, असं लोक म्हणत. कधीकधी तिलाही तसंच वाटे. घरातून निघताना ती गॅस बंद आहे का ते तीनदा बघायची. ही जी धास्ती वाटते, ती ढगामुळे की आपल्या स्वभावामुळे, हे तिला आजवर कधी नीट कळलं नव्हतं. आत्ताही कळत नव्हतं.

“साडेसहाला माझी गाडी आहे,” आर्पादचा आवाज खाली आला. “उद्या सकाळी सीमेपलीकडे ग्राझच्या हॉस्पिटलात माझी पाळी आहे. आधीच दोनदा रजा वाढवलीय. तुम्ही मला लहानपणापासून बघताय ना, मावशी?”

“म्हणूनच नाही म्हणतेय.”

“बाबा म्हणायचे ते खरं. चहाला आधण आलं तरी इल्काला वादळ दिसतं!”

इल्काचा चेहरा लाल झाला. कुलपावरचा हात मात्र तिने काढला नाही.

साडेचारला वाऱ्याचा एक झोत आला. बागेतली एक छत्री उलटली, बदकं काठाशी आली. इल्काने दुर्बीण डोळ्यांना लावली. आता सुटेल, आता सुटेल. आणि आपण काय मनात आणतोय हे उमगून ती शरमली, कारण वादळ यावं असंच तिला वाटत होतं. वादळ आलं नाही. झोत गेला आणि पाणी पुन्हा दुधाळ, हिरवं, सपाट पडून राहिलं. पोर रडायला लागलं तसं त्याला खाली उतरवलं. मग आत्या उतरल्या.

पाच वाजता आर्पाद पुन्हा आला. “आता तरी?”

ढग अजून तिथेच होता, दिवाही लुकलुकत होता. “नाही,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

सहाला तो निघाला. आईला त्याने मिठी मारली, कलशावर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि बॅग उचलून स्टेशनच्या रस्त्याला लागला. जाताना त्याने इल्काकडे पाहिलंही नाही. विल्मा होडीतच बसून राहिली. सहा वीसला दिवा विझला. साडेसहाला गाडीची शिट्टी ऐकू आली. पश्चिमेच्या टोकाला थोडी भुरभुर झाली, एवढंच, असं तिकडून आलेल्या बसवाल्याने सांगितलं.

“झालं समाधान?” काल्मानने सोंगट्या डब्यात भरत विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता इल्का विल्माच्या दारात उभी होती. घरून ठरवून आणलेली वाक्यं दार उघडताच पळाली.

“काकू, माझं चुकलं.”

विल्माने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “झोपली नाहीस ना?”

“नाही.”

“मीही नाही. काल तुझा इतका राग आला होता, की दोन तास देझो गेलाय हेच विसरले. तो गेला त्या दिवसापासून पहिल्यांदाच.” तिने खुंटीवरची शाल घेतली. “आर्पाद बोलणार नाही तुझ्याशी. निदान वर्षभर तरी.”

“बरोबर आहे त्याचं.”

“चुकलं म्हणतेस. आणि उद्या पुन्हा तसाच ढग आला तर?”

इल्काने मान वळवून आभाळाकडे पाहिलं. “साखळी लावीन.”

विल्मा हसली नाही, पण आत जाऊन कलश घेऊन आली. “चल मग.”

“परवानगी कालची होती, काकू.”

“माहीत आहे मला.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा इल्काने नियम मोडून कुलूप काढलं. बाग रिकामी होती, चिनारांखाली फक्त झाडूवाला होता. विल्माला घेऊन ती वल्ही मारत वेताच्या पलीकडे गेली. तिथे विल्माने कलश पाण्याला टेकवून हळूहळू कलता केला. राख क्षणभर वर तरंगली, मग पसरत खाली गेली.

थोड्या वेळाने विल्मा म्हणाली, “दे इकडे वल्ही. चाळीस वर्षं त्याने मला कधी हात लावू दिला नाही.”

दोघींनी जपून जागा बदलल्या. विल्माला काही जमेना. एक वल्हं पाण्यात, एक हवेत. होडी एकाच जागी गोल फिरत राहिली, मग वेतात घुसली, मग पुन्हा बाहेर आली. वल्ही कशी धरायची, पाय कुठे रोवायचे, सगळं इल्काच्या ओठांवर आलं होतं.

ती हात मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली.