रिकाम्या गादीची ऊब

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण माझ्या गादीवर निजून गेले असतील. मी एक जुना वॉर्मर आहे. कर्नाटकाच्या सीमेवरच्या हुलसूरकडच्या एका दवाखान्यात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना वरच्या लाल कांडीने ऊब देणं हे माझं काम.

माझ्या गादीत बाळाएवढा खोलगट ठसा पडला आहे. पूर्वी तो रिकामा राहत नसे. "शेंगेएवढं आलतं, भोपळ्याएवढं होऊन गेलं," असं चंद्रभागाबाई आया माझं कौतुक करत.

मग टाळेबंदी आली. महाराष्ट्राकडे जाणारे रस्ते मातीचे ढीग टाकून बंद झाले. आणि अपुऱ्या दिवसांची बाळं येईनाशी झाली.

"बायकांना घरी आराम मिळायलाय, म्हणून दिवस भरायलेत," संध्यासिस्टर म्हणाल्या.

"का लेकरं घरच्या घरीच येऊन जायलेत?" चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या.

खरं काय, मला आजही माहीत नाही. ठसा मात्र बुजत नव्हता. न दिसणारं कुणीतरी त्यात निजल्यासारखा.

सिस्टर रोज सकाळी मला तापवून पाहत. चंद्रभागाबाईंना ते बघवेना.

"रिकामा पाळणा हलवत न्हाईत, सिस्टर. अन् तुमी रिकामी गादी तापवायलाव? कुणाला बोलवायलाव?"

सिस्टर हसल्या. पण त्यानंतर त्यांचा हात बटणाकडे जाईना. बंद खोलीत उंदरांनी माझी तार कुरतडली. कुणाला कळलं नाही.

अशात अंबिका आली. पहिलं बाळंतपण उदगीरला माहेरी व्हायचं, पण रस्ता बंद, म्हणून ती सासरीच अडकलेली. सातव्या महिन्यातच मुलगी झाली. सिस्टरनी तिला माझ्यावर ठेवून बटण दाबलं. कांडी काळीच राहिली. मुलगी रडत नव्हती. ती त्या ठशात नेमकी मावली होती आणि गार पडत चालली होती.

"मीच म्हनलं, तापवू नगा..." चंद्रभागाबाई पुन्हा पुन्हा बटण दाबत म्हणाल्या.

"ते नंतर, मावशी. लुगडं आणा!"

सिस्टरनी मुलगी अंबिकेच्या उघड्या छातीशी बांधली.

"माय गं, किती गार हाय ही!" अंबिका शहारली, पण तिने मिठी सोडली नाही. उन्हं कलताना लुगड्यातून बारीक रडणं ऐकू आलं.

माझी तार आता नवी आहे. मित्रांनो, काम नसलेल्या यंत्रालाही रोज चालवून बघा. चंद्रभागाबाई आता स्वतः बटण दाबतात. ठसा तापतो. त्यात कोण निजतं, मी विचारत नाही. त्या रिकाम्या गादीवर हात ठेवून पुटपुटतात, "लवकर येऊ नगा रे लेकरांनो. पन आलाव, तर जागा गार न्हाई."