अर्ध्या मिनिटाचा आवाज

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे मिस्त्रीच म्हणत. एक्केचाळीस वर्षं त्यांनी मशीनी उघडल्या आणि मिटल्या. मग उजवा हात थरथरायला लागला. बारीक स्क्रू चिमटीत धरला की पडायचा, आणि टेबलाखाली वाकून तो शोधण्यात अर्धा दिवस जायचा. एका सकाळी त्यांनी दुकानाची किल्ली सुनेच्या हातात दिली. "दुकान भाड्याने दे कुणाला तरी. माझं झालं."

सून घरच्याच पुढच्या खोलीत बसून कंपन्यांच्या वेबसाइट बनवायची. किल्ली तिने खिळ्याला अडकवली आणि पुन्हा कामाला बसली.

आठवडाभराने ती बहिणीशी फोनवर बोलत होती. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे बहिणीचं मशीनवर शिवणही चालू होतं. मिस्त्री खुर्चीत पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "तिला सांग, सुई वाकली आहे. तासाभरात मोडेल."

तासाभराने बहिणीचा फोन आला. "अगं, खरंच मोडली! तुझे सासरे काय अंतर्ज्ञानी आहेत की काय?"

सुनेने लॅपटॉप मिटला आणि खुर्ची ओढून सासऱ्यांसमोर बसली. "बाबा, असे किती बिघाड तुम्हाला नुसते ऐकून कळतात?"

"निम्मे तर दारातूनच कळायचे. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मशीन उघडायचो."

तीन आठवड्यांत वेबसाइट उभी राहिली. मशीन चालवा, अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, मिस्त्री बिघाड सांगतील. फी सुयांच्या एका पाकिटाएवढी. सुनेने स्वतःच्या बचतीतून इंटरनेटवर जाहिराती दिल्या. महिन्याभरात एकोणीसशे माणसं वेबसाइटवर येऊन गेली. आवाज पाठवले अकरा जणांनी, आणि त्यातली एक तिची बहीण.

"हात दाखवून अवलक्षण झालं," सून वैतागून म्हणाली.

मिस्त्रींनी विचारलं, "ही एवढी माणसं आली कशाला होती?"

"जाहिरात बघून."

"म्हणजे त्यांच्या मशीनी धड होत्या?"

"असतील."

"मग? धड मशीनवाल्याला मिस्त्री कशाला हवा? ज्याचं काम अडलंय त्याच्या वाटेत उभी राहा ना."

तिने त्याच दिवशी जाहिराती बंद केल्या आणि वही काढली. अडलेलं गिऱ्हाईक दुकानात येऊन नेमकं काय म्हणायचं, ते मिस्त्रींनी तोंडपाठ सांगितलं. 'खालून दोऱ्याचा गुंता होतो.' 'कापड पुढे सरकत नाही.' 'जाड कापडावर आली की खोकते.' प्रत्येक वाक्याचं तिने वेगळं पान केलं, कारण अडलेला माणूस इंटरनेटवरही असंच लिहून शोधतो. प्रत्येक पानावर त्या बिघाडाचा आवाज हवा होता. खिळ्यावरची किल्ली काढून दोघं दुकानात गेले आणि चार चांगल्या मशीनी मुद्दाम बिघडवत बसले. मिस्त्री खुशीत होते. "बिघडवायला हात स्थिर असावा लागत नाही बघ!"

सेहेचाळीस पानं झाली. ती वाचायला कुणालाही पैसे पडत नव्हते. दीड-दोन महिने काहीच हललं नाही. मग रोज तीन आवाज येऊ लागले, मग नऊ, मग वीस.

त्याच सुमारास सुट्या भागांचा एक व्यापारी घरी आला. त्याची मागणी साधी होती. प्रत्येक उत्तरात एखादा नवीन भाग सुचवायचा, विक्रीतला पाचवा हिस्सा तुमचा. आकडा ऐकून सुनेने वहीत भराभर हिशेब मांडला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"समजा, कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली कचरा साठलाय, ब्रशने काढला की झालं," मिस्त्री व्यापाऱ्याला म्हणाले. "त्यालाही नवीन भाग सांगू?"

"सांगायला काय जातं?"

"माझं जातं."

व्यापारी गेल्यावर सुनेने आजवरची सगळी उत्तरं काढली आणि मोजली. दहातल्या सात जणांना मिस्त्रींनी काहीच विकत घ्यायला लावलं नव्हतं. तिने पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'दहापैकी सात जणांना इथे एकच उत्तर मिळतं: नवीन काहीही घेऊ नका.' आणि फी चौपट केली.

मिस्त्री हादरले. "अगं, गिऱ्हाईक पळेल!"

"एखादं पळेल. बाबा, आजवर तुम्ही हाताचे पैसे घेतलेत. कानाचे कधी घेतलेच नाहीत."

दोन दिवस ते किती आवाज आले ते सारखे विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी सव्वीस आवाज आले, तेव्हा हेडफोन लावता लावता म्हणाले, "चौपट कमीच झाली की काय?"

पुढे पडदे शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकिणीने साठ मशीनींसाठी वर्षाचा करार केला. सुनेने बाहेरची कामं सोडली. एकटे मिस्त्री आवाजांना पुरे पडेनात, तेव्हा तिने वेबसाइटवरच लिहिलं, 'आणखी एक कान हवा.'

पहिली आली ती कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीनींची देखभाल केलेली बाई. आल्या आल्या तिने पाणी मागितलं आणि हेडफोन लावला. मिस्त्रींनी आदल्या दिवशी उत्तर दिलेला आवाज सुरू केला. पट्टा सैल आहे, असं त्यांनी सांगितलं होतं.

बाईने डोळे मिटून ऐकलं. "पट्टा सैल आहे," ती म्हणाली. "आणि मागे फिरणारा दांडा कोरडा पडलाय. तेल नाही."

"दांडा?" मिस्त्रींनी हेडफोन ओढूनच घेतला. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा उजळला. "सूनबाई, कालच्या गिऱ्हाइकाला लगेच कळव, माझ्याकडून दांडा सुटला. फी परत कर." मग ते बाईकडे वळले. "आणि तुम्ही उद्यापासून नका येऊ."

बाईचा चेहरा पडला.

"आत्तापासूनच बसा," ते म्हणाले, आणि शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.