कोरी ओळ

भगवानरावांनी पाकिटातून गोळी काढली, इंदुताईंकडे पाठ करून ती बंडीच्या खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातली, जवळपास तशीच तांबूस गोळी काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली.

"घे. चहाच्या आंधी घे."

इंदुताईंनी गोळी तळहातावर घेतली. जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग गिळली आणि पदराने तोंड पुसलं.

खिशातली गोळी भगवानराव रोज गोठ्यामागे नेऊन पुरत. ती बोगस आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांच्या बायकोच्या, इंदुताईंच्या, फुप्फुसात गाठ निघाली होती. जन्मात कधी विडीला हात न लावलेली बाई. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, त्यावरून ही रोजची गोळी ठरवली, आणि कपिलने, भगवानरावांच्या मुलाने, ती नागपुराहून मागवली. खोकला उतरू लागला, पण इंदुताईंचं तोंड पुरळाने भरून गेलं. नाक, गाल, हनुवटी, थेट छातीपर्यंत. खाजवून खाजवून बाई रडकुंडीला आली.

संशय हा तसा भगवानरावांचा जुना सोबती. एका साली त्यांना कपाशीचं बोगस बियाणं मिळालं होतं, तेही सीलबंद पाकिटात आणि पक्क्या बिलासकट. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. हे तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पीत.

"फवारणीत असंच होते," ते कपिलला म्हणाले होते. "अंगावर पुरळ आलं, का समजाचं, औषध अंगात भिनलं. पयले फवारा बंद कराचा."

"बाबा, पुरळ येऊ शकते म्हणून डॉक्टरनं सांगतलं होतं."

"ते सांगनच ना. इकणारा आपल्या मालाले कधी खराब म्हणते काय?"

कपिलने हात टेकले. भगवानरावांनी मग आपल्या पद्धतीने खरंखोटं करायचं ठरवलं. शेतात नवं औषध फवारायचं असलं की ते मधली एक ओळ कोरी सोडत. काही दिवसांनी फवारलेल्या ओळीतलं पान आणि कोऱ्या ओळीतलं पान शेजारी धरून बघत. दुकानदाराच्या जिभेपेक्षा पानावर त्यांचा भरवसा. आरोग्य केंद्रात चक्कर येते म्हणून सांगून त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या आणि कुणाला कळू न देता घरात कोरी ओळ सोडली.

पुरळ गेलं. पंधरवडा झाला नाही तोच इंदुताईंचे गाल पूर्वीसारखे नितळ झाले. भगवानरावांना चोर पकडल्याचा आनंद झाला. खोकला परत आला होता, पण कापूस वेचणीचे दिवस होते, धुळीने कोण खोकत नाही? उलट बाई आता शांत वाटायची. दवाखान्याची तारीख कधी, असं विचारायची नाही. एका दुपारी तिने सुनेला, सुरभीला, समोर बसवून सांडग्यांचं प्रमाण सांगितलं आणि आपला लग्नातला शालू काढून तिला दिला. घरात पुन्हा लक्ष घालू लागली, भगवानरावांना बरं वाटलं.

तारखेच्या दिवशी ते इंदुताईंना घेऊन मारेगावहून एसटीने यवतमाळला गेले. आधी छातीचा फोटो काढला. मग डॉक्टरीणबाईंनी, डॉक्टर निशिगंधांनी, इंदुताईंचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला.

"पुरळ गेलं?"

"गेलं," भगवानराव ताठ बसले. "कसं गेलं, ते सांगतो तुमाले."

नर्सने इंदुताईंना तपासायला शेजारच्या खोलीत नेलं. दार लोटलेलं होतं. भगवानरावांनी सगळं सांगितलं, बियाण्यापासून कोऱ्या ओळीपर्यंत, आणि पुरावा म्हणून अर्धं पाकीट टेबलावर आपटलं. डॉक्टरीणबाई रागावतील, घाबरतील, अशी त्यांची अटकळ होती. पण बाईंनी नुसता चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"काका, आपल्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. वाढीचा निरोप आला की तो तिथे येऊन लागतो, मग पेशी वाढते. निरोप थांबला की तीही थांबते. काकूंच्या गाठीतले रिसेप्टर बिघडलेत. निरोप नसतानाही ते आत 'वाढ, वाढ' म्हणत राहतात."

"म्हंजे मोटरचं बटन अडकल्यावाणी?"

"तसंच. ही गोळी ते बटण दाबून बंद ठेवते. पण तसेच रिसेप्टर चांगल्या कातडीतही असतात. तिथलंही काम ती अडवते, म्हणून पुरळ. सगळ्यांना येतंच असं नाही. पण आलं, तर बहुतेक वेळा गोळी लागू पडतेय असं आम्ही समजतो."

त्यांनी फोटो काचेवर लावला, जुना त्याच्या बाजूला. काही सांगायची गरज नव्हती. पानं शेजारी धरून बघायची सवय असलेल्या माणसाला फरक लगेच दिसला.

"परत सुरू करू," त्या म्हणाल्या. "लागू पडेल असं वाटतं. पण आता एकही दिवस सोडायचा नाही."

कोरी ओळ किडीला सोडलेली असते, हे भगवानरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? शेतात एवढ्या ओळी, एक गेली तर गेली. इथे दुसरी ओळ नव्हतीच. त्यांना भीती वाटली आणि त्याहून जास्त शरम वाटली.

बसस्टँडच्या बाकावर इंदुताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भगवानराव समोरच्या गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाले,

"इंदू, मी तुही गोळी बदलली होती."

"मले मालूम हाय."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. रक्तवाढीची गोळी होय ते. सुरभीच्या पोटात बाळ होतं तवा मीच देत होती तिले रोज."

"मंग बोलली काहून नाई?"

इंदुताईंना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी पिशवी घट्ट धरून ठेवली.

"मले वाटलं, तुमी अन् कपिलनं ठरवलं असन. आता कायले द्याची इले गोळी म्हून. ते तुमच्या तोंडून आयकाचं नोतं मले."

"तसं नोतं, इंदू. मले त्या गोळीचाच वहीम होता."

"असन," त्या म्हणाल्या आणि गाडी लागली तशा उठल्या. चढताना त्यांनी भगवानरावांचा हात धरला नाही, दाराचा दांडा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांनी त्यांच्या समोर, अगदी डोळ्यांसमोर, पाकिटातून गोळी काढली. इंदुताईंनी ती तळहातावर उलटीपालटी करून पाहिली.

"पाकीट द्या."

त्यांनी दिलं. इंदुताईंनी खिडकीशी जाऊन हातातली गोळी पाकिटातल्या गोळ्यांशी लावून पाहिली, मग गिळली. पाकीट त्यांनी आपल्या उशीखाली ठेवलं.