नळीबाबाचा अंगारा

तात्याबाच्या रानात माणूस मावत नव्हतं! कोयनानगरच्या खालच्या अंगाला, जिथं धरणाच्या विजेच्या तारा रानावर ओळंबल्या आहेत, तिथं दिवेलागणीला नळीबाबा उभे होते आणि त्यांच्या मुठीत ट्यूबलाइट पेटली होती. वायर नाही, बटण नाही! गावात अजून एकाही घरात वीज नव्हती आणि इथं धरणाच्या कॉलनीच्या उकिरड्यावरची, जळून गेलेली ट्यूब उजेड पाडत होती. बायकांनी गालावर चापट्या मारून घेतल्या.

"मेल्याला जिवंत करतो बच्चा, तुझा खोकला काय चीज हाय?" बाबा पुढ्यातल्या एका म्हाताऱ्यावर गरजले. "ऐक, वर ओंकार घुमतोय!"

वर खरंच गूं गूं चाललं होतं.

मनुबाईला भरूनच आलं. नवरा पलटणीत, लांब सरहद्दीवर, आणि कडेवरची विजयमाला दम्यानं सारखी धापत होती. बाबांचा चेला दुसऱ्या जुन्या ट्यूबा फोडून आतली पांढरी भुकटी झटकत होता, पुड्या बांधत होता. अंगारा! कपाळाला लावायचा, जिभेवर ठेवायचा, दमेकऱ्यानं नाकानं ओढायचा. मनुबाईनं पुडी उलगडून पोरीच्या नाकाशी नेली.

"वहिनी, थांबा!" शाळेत सायन्स शिकवणारे, सांगलीकडचे धन्यकुमार मास्तर गर्दीत घुसले आणि त्यांनी पुडी मिटवली. "आधी बाबांना म्हणावं, मारुतीच्या देवळापाशी पेटवा."

"व्हय की, देवाच्या दारात लय झकास पेटंल!" मनुबाई म्हणाली.

हे सगळ्यांनाच पटलं. बाबा नको नको म्हणेपर्यंत गर्दीनं त्यांना देवळाकडं ढकललंसुद्धा. तारा मागं पडल्या तशी ट्यूब मंदावली, फडफडली आणि विझली.

"बाईमाणसाची सावली पडली!" बाबा ओरडले.

"माझी सावली? आणा हिकडं!" मनुबाईनं पोर शेजारच्या रंगूबाईकडं दिली, ट्यूब हिसकावली आणि तणतणत पुन्हा तारांखाली गेली. ट्यूब पेटली!

"आगं बया बया! माझ्यात बी आला गं देव!"

मग काय विचारता! भाऊसो सरपंचांच्या हातात पेटली, रंगूबाईच्या हातात पेटली. तात्याबाच्या म्हशीच्या शिंगांना बांधली, तर म्हैससुद्धा रवंथ करत सिद्धपुरुष झाली. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

"तारांतल्या विजेचा जोर खालच्या हवेतबी असतो," मास्तर म्हणाले. "त्यानं नळीतला वायू उजळतो. ट्यूब जळाली तरी वायू आतच राहतो. ओंकार म्हणता तो तारांचाच आवाज. पण नळीत पारा असतो, वहिनी. तो ह्या भुकटीत आलाय. पोरीच्या छातीत गेला असता तर आहे तो श्वासबी घालवला असता."

मनुबाईनं पदरानं पोरीचं नाक पुसून काढलं. चेला कधीचा खोकतोय, हे आत्ता कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"हाणा रं ह्याला!" लोकांनी ढिगातल्या ट्यूबा उचलल्या. बाबांनी डोकं झाकलं.

"फोडू नगा!" मनुबाई आडवी आली. "त्याच्या पाठीचं काय न्हाई, पोरांच्या छातीचं हाय!"

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "साबूत ट्यूबा पेंढ्यात गुंडाळून कॉलनीच्या स्टोअरात द्यायच्या. फुटकी काच न् पुड्या झाकणाच्या डब्यात घालून तिथंच पोचवायच्या. ओढ्यात, विहिरीत, उकिरड्यावर काही टाकायचं नाही. दिवा विझला म्हणून त्यातलं विष विझत नाही. आणि चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी, तो आपल्या हातानं होतो का ते करून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मनुबाई पोरीला घेऊन पाटणच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी तपासून लाल औषधाची बाटली पुढं केली.

"ह्यात काय हाय?" मनुबाईनं विचारलं.

डॉक्टर चकित झाले, मग हसले आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तेव्हा कुठं मनुबाईनं चमचा विजयमालेच्या ओठाला लावला. बाबाला असो की डॉक्टरला, आपणही एवढं विचारत जावं.